तेरा दरवाजांची बाग

आमच्या चाळीतल्या काकांविरुद्ध वॉर्ड ऑफिसात तीन तक्रारअर्ज गेले. तिन्ही मी लिहिले. त्या तिन्ही अर्जांना त्यांच्या वतीने तीन उत्तरं गेली. तीही मीच लिहिली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याविषयी जे काही चांगलं लिहीन ते कोणत्या तोंडाने लिहितोय, हे वाचणाऱ्याला ठाऊक असेल.

आमची चाळ लालबागची. चाळीस खोल्या आणि टेलिफोन एकच. तो काकांच्या खोलीत, कारण ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते. सगळ्या चाळीचे फोन त्यांच्याकडे यायचे. फोन आला की ते गॅलरीत येऊन खोलीचा नंबर ओरडायचे. नाव नाही, फक्त नंबर. "बावीस! फोन!" आवाज असा की बावीसवाल्या वहिनी हातात लाटणं घेऊनच धावत सुटायच्या. मला नोकरीचा फोन आला तेव्हा मी संडासाच्या रांगेत होतो. "एकतीस! फोन!" ऐकलं आणि टमरेल हातात घेऊनच त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. पलीकडून विमा कंपनीतला कोणी साहेब विचारत होता, सोमवारी रुजू होता का. मी टमरेल छातीशी धरून "होय सर, होय सर" करत होतो. फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "आता ते खाली ठेव, एकतीस. ऑफिसर झालास."

चाळ पाडली गेली, आम्ही तीन वर्षं इकडेतिकडे भाड्याने काढली आणि परत आलो तर त्याच जागी बावीस मजली इमारत उभी. माझा फ्लॅट अकराशे तीन. लिफ्टमध्ये लोक एकमेकांना फ्लॅट नंबर सांगत होते, नवीन पाट्या लावत होते. काकांनी नवे नंबर कधी पाठच केले नाहीत. मी त्यांच्या लेखी एकतीसच राहिलो. लिफ्ट माणसांनी भरलेली असताना ते म्हणायचे, "चौदा, जरा सरका. अडतीस, तुझा गुडघा कसा आहे?" नवीन राहायला आलेल्यांना वाटायचं, म्हातारा आकडे लावतो.

इमारतीच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीलगत, दहाएक फूट रुंदीची एक लांबट पट्टी होती. बिल्डर जाताना सगळं डेब्रिज तिथे टाकून गेला होता. आम्ही सगळे खिडकीतून ते बघायचो आणि पडदा ओढून घ्यायचो. काका पहिल्याच आठवड्यात खाली उतरले. अंगात बनियन, डोक्यावर कुणीतरी टाकून दिलेलं हेल्मेट. दगडविटा एकीकडे, माती एकीकडे, असं चाळून काढायला त्यांना चार महिने लागले. चाळण होती टेबलफॅनची जाळी.

त्यांचा नियम एकच होता. बागेत विकत आणलेलं काहीही येणार नाही. "नवीन काय, कोणीपण आणेल," असं म्हणायचे. सामान आणायला त्यांच्याकडे एक बाबागाडी होती, तीही परळच्या कुठल्या तरी सोसायटीच्या कचऱ्यातून उचललेली. सत्तरी ओलांडलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस बाबागाडी ढकलत येतोय म्हटल्यावर बायका कौतुकाने आत वाकून बघायच्या. आत कधी वॉशिंग मशीनचा ड्रम, कधी तुटक्या खुर्चीचे पाय. एकदा कमोड होता. दादरला एका जुन्या बंगल्याचं काम निघालं तेव्हा तिथला बाथटब त्यांनी चार हमालांना चहा पाजून आणला. गणपती झाल्यावर मंडपाचे मोडके बांबू आणि काथ्या, निवडणुका झाल्यावर फ्लेक्स. फ्लेक्स वाफ्याच्या तळाशी अंथरायचे, तोंड वर करून. "साहेब पाच वर्षं वरून बघत होते, आता जरा खालून बघू देत." पहिला पालक एका उमेदवाराच्या नमस्कार केलेल्या हातांवरच्या मातीतून वर आला.

वेली बांधायला टेलिफोनची वायर. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, सगळे रंग. त्यांच्या घरी पलंगाखाली त्या वायरची भेंडोळी होती. कोणती वेल कोणत्या वाफ्यातली हे ते रंगावरून सांगायचे. एखादी फांदी मेली की जिवंत आहे हे बघायला नखाने साल खरवडायचे, रिसीव्हरला कान लावल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "टोन आहे." किंवा, "डेड."

सातव्या मजल्यावरचा एक कॉम्प्युटरवाला मुलगा त्यांना फार मानायचा. त्याने प्रेमाने पाणी घालायची नवीकोरी झारी आणून दिली, हिरवी, लेबलासकट. काकांनी ती हातात घेऊन सगळ्या बाजूंनी बघितली.

"मस्त आहे. कचऱ्यात टाक."

"काका?"

"अरे टाक तर! हा काय डबा समोर."

मुलगा बिचारा झारी कचऱ्याच्या डब्यात टाकून खाली मान घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सफाईवाला यायच्या दहा मिनिटं आधी काका डब्यापाशी गेले, झारी उचलली, तिला दगडाने एक पोचा पाडला आणि मुलाच्या खिडकीकडे बघून ओरडले, "झारी सापडली रे!"

कमोडात त्यांनी अळू लावलं. त्यावरून रणकंदन झालं. चौदा नंबरच्या मालवणी मावशी म्हणाल्या, "ह्या अळवाचा फदफदा मी जल्मात खावचंय नाय!" काका शांतपणे म्हणाले, "गावाला तुमचं अळू कुठे असतं, चौदा? मोरीच्या पाण्यावरच ना? मी जरा दोन पावलं पुढे गेलो." पुढच्या रविवारी मावशींच्या घरातून चिंच-गुळाचा वास आला. विचारलं तर म्हणाल्या, "बाजारातला आसा." बाजारात त्या दिवशी संप होता.

आता दरवाजांचं सांगतो, कारण सगळं त्यांच्यावरूनच झालं.

चाळ पाडली तेव्हा आम्ही कागदांवर सह्या केल्या, किल्ल्या दिल्या, टेम्पोत सामान भरलं आणि निघून गेलो. दरवाजे कुणी काढून नेले नाहीत. मीही नेला नाही. सागवानी, जाड, वर पांढऱ्या रंगात खोलीचा नंबर. भंगारवाल्याचा ट्रक भरत होता तेव्हा काका ट्रकच्या फळीवर जाऊन बसले. आयुष्यभर जमवलेल्या तांब्याच्या तारा त्यांनी भंगारवाल्याला दिल्या आणि बदल्यात मिळाले तेवढे दरवाजे उतरवून घेतले. तेरा मिळाले. चिंचपोकळीला रुळांच्या बाजूला त्यांच्या एका मित्राचं वर्कशॉप आहे, त्याच्या मागच्या भिंतीला ते तीन वर्षं टेकून उभे होते. माझा त्यात होता.

बागेत त्यांनी तेरा वाफे केले आणि प्रत्येक वाफ्याच्या पुढच्या बाजूला एकेक दरवाजा आडवा रोवला, नंबर बाहेर. ते कुणालाही "बागेत या" म्हणाले नाहीत. त्यांची पद्धत वेगळी होती. ज्याला ओढायचं असेल त्याच्या दरवाजामागे ते मुद्दाम मरतुकडं काहीतरी लावायचे आणि पाणी घालायचं बंद करायचे. मग वाट बघायचे.

मावशी एक दिवस तणतणत खाली आल्या. "मेल्या, माझ्या दाराक चिखल फासलंस? ह्या दाराक माझो सासरो तोरण बांधी!"

"मग पुसून घ्या, चौदा."

"पुसतंय! आणि ह्या भेंडीक काय झाला? पाणी कोण घालता?"

"कोणी नाय."

"कोणी नाय म्हणजे? दार माझा आणि भेंडी बेवारशी?"

दुसऱ्या दिवसापासून मावशी सकाळी सहाला बादली घेऊन खाली. असे एकेक करत बारा आले. तेराव्या दरवाजामागे, म्हणजे एकतीस नंबरच्या मागे, एक मिरचीचं रोप वाळत होतं. मी रोज अकराव्या मजल्यावरून ते बघायचो. गेलो नाही. कारण तोपर्यंत मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो होतो आणि एक सेकंडहँड गाडी ठरवून बसलो होतो. आयुष्यातली पहिली गाडी. ठेवायला जागा नव्हती.

आमचे चेअरमन चाळीतले नव्हेत. मूळ गिरगावातलं जुनं घराणं, आमच्याकडे फ्लॅट विकत घेऊन आलेले. अतिशय सभ्य गृहस्थ, मी त्यांना दोष देत नाही. ते म्हणाले, "सेक्रेटरी, मागच्या पट्टीत बारा गाड्या सहज लागतील. पहिली आपली लावू. फक्त ते भंगार हलायला हवं. आपण एक अर्ज लिहा. नाव नको, 'एक त्रस्त रहिवासी' पुरे. आपलं मराठी चांगलं आहे."

मराठी चांगलं आहे म्हटल्यावर मी विरघळतो. हा माझा जुना दोष आहे.

मी खिडकीत बसून अर्ज लिहिला. टबमध्ये पाणी साचतं, डास होतात, पाडलेल्या चाळीचे जुने दरवाजे आणून अडगळ केली आहे. पुरावा हवा म्हणून दरवाजांची यादी केली. चौदा, सतरा, बावीस… खाली बघत बारा आकडे लिहिले. तेरावा लिहायला हात उचलेना. कागदाची घडी घातली.

आठ दिवसांनी संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात काका. एका हातात वॉर्ड ऑफिसची नोटीस आणि अर्जाची प्रत, दुसऱ्या हातात अंबाडीची जुडी.

"एकतीस, याला उत्तर लिहायचंय. तुझं मराठी चांगलं आहे."

मी चष्मा शोधण्यात बराच वेळ घालवला. मग माझाच अर्ज त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "लिहिलंय बाकी झकास. कोण असेल रे?"

"काय माहीत," मी म्हटलं.

आतून बायकोला ठसका लागला. ती चहा घेऊन आली तो कप माझ्यासमोर जरा जोरातच ठेवला. काका गेल्यावर म्हणाली, "दोन्ही पार्ट्यांचे वकील तुम्हीच का? आणि अंबाडी कोणत्या तोंडाने खाणार आहात?"

खाल्ली. चांगली झाली होती.

पहिल्या उत्तरात मी लिहिलं की टबमध्ये गप्पी मासे सोडले आहेत. तोपर्यंत सोडले नव्हते; मी लिहिल्यावर काकांनी ते सोडले. "कागदावर आलंय म्हणजे करायला पाहिजे," असं म्हणून कुठून तरी बाटलीत भरून आणले. मग चेअरमननी दुसरा अर्ज सांगितला: वाळलेलं लाकूड, आगीचा धोका. त्याला उत्तर: लाकूड रोज दोनदा भिजवलं जातं, प्रत्यक्ष येऊन हात लावून पाहावे. तिसरा अर्ज कमोडाविषयी होता. 'सदर वस्तू उघड्यावर ठेवणे अशोभनीय असून महिलावर्गात नाराजी आहे.' त्याच्या उत्तरात मी अळूच्या सावलीवर, पाण्याच्या निचऱ्यावर आणि महिलावर्गाने नेलेल्या जुड्यांवर दोन पानं लिहिली.

खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली होती. हे कबूल करताना लाज वाटते. मी अर्जात मुद्दाम असा मुद्दा टाकायचो की त्याला फक्कड उत्तर देता यावं. काका ऐकताना मांडीवर थाप मारायचे. "समोरचा पण हुशार आहे हां. पण तुझ्यापुढे टिकणार नाय." आणि जाताना न चुकता काहीतरी ठेवून जायचे, कधी चार वांगी, कधी मुठीएवढा मुळा. ती वांगी खाऊन मला झोप लागायची नाही. मिरचीचं रोप वाळतच होतं.

शेवटी वॉर्ड ऑफिसचा माणूस पाहणीला आला. शनिवारी सकाळी अकराचा सुमार. तरुण अधिकारी, हातात फाइल. चेअरमन इस्त्रीच्या शर्टात. मी सेक्रेटरी म्हणून सोबत, काखेत सोसायटीचे कागद. काका हेल्मेट काढून पुढे आले. "जयभीम साहेब. या."

अधिकाऱ्याने टबमध्ये वाकून मासे बघितले. लाकडाला हात लावला. कमोडाकडे बघून हसू दाबलं. मग म्हणाला, "आजोबा, बाग छान आहे. पण हे दरवाजे पाडकामातले, बेवारस. मालक नाही त्याचा तर तो कचरा. सात दिवसांत आमची गाडी येऊन उचलेल."

"आणि दरवाजे काढले की बाकी पट्टी आपण सपाट करून घेऊ," चेअरमन म्हणाले.

काकांनी मान हलवली. "मालक असले तर?"

"तर समोर आणा. बोलवा त्यांना."

"आत्ता?"

"आत्ता."

काकांनी इमारतीकडे तोंड केलं, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि मी तीस वर्षांत न ऐकलेला तो आवाज काढला.

"चौदा! फोन!"

दुसऱ्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली. "इलंय, इलंय! ठेव नको!" मावशींच्या हातात खोबरं खवायची विळी होती.

"सतरा! फोन! बावीस! फोन! अडतीस!"

मोबाइल प्रत्येकाच्या खिशात. तरीही खिडक्या उघडत गेल्या. "आलो!" "थांब म्हणावं!" वरच्या मजल्यांवर आवाज पोचत नव्हता, तर खालच्यांनी वर तोंड करून नंबर पुढे दिला, चाळीत द्यायचे तसा. लिफ्ट एकाच वेळी सगळ्यांनी बोलावली, म्हणून निम्मे जिन्याने धावले. पाच मिनिटांत बारा घरांतली माणसं मागच्या पट्टीत, कुणी साबण लागलेल्या हातांनी, कुणी अर्ध्या दाढीवर. अडतीस नंबर गुडघा धरून सगळ्यांत शेवटी आले आणि धापा टाकत म्हणाले, "कोणाचा फोन आहे?"

"सरकारचा," काका म्हणाले. "आपापल्या दाराशी उभे राहा."

राहिले. जो तो आपापल्या दरवाजामागे. अधिकाऱ्याने विचारलं, "हा तुमचा?" मावशी विळी रोखून म्हणाल्या, "मग काय तुझ्या बापाशीचो? एकदा नेलेत तेवा आमी बघूक नाय. आता हात लावून बघ."

अधिकारी दोन पावलं मागे सरकला. त्याने फाइलमधली यादी काढून एकेकावर खूण केली. "चौदा आहे, सतरा आहे… बारा. बरोबर." मग मान वर करून दरवाजे मोजले. "यादीत बारा आहेत. इथे तेरा. हा एकतीस कोणाचा?"

काकांनी एकतीस पुकारलाच नव्हता. ते आपली टेलिफोनची वायर बोटाला गुंडाळत होते, सोडवत होते, पुन्हा गुंडाळत होते. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

"याचा मालक नाही ना कोणी?" अधिकारी म्हणाला. "मग हा एक उचलू."

"उचला," चेअरमन म्हणाले.

मिरचीच्या त्या रोपाला एक पान उरलं होतं. मी सोसायटीचे कागद चेअरमनांच्या हातात दिले.

"आलो," मी म्हटलं.

मी जाऊन एकतीस नंबरच्या मागे उभा राहिलो. चेअरमन सभ्य माणसासारखे वर निघून गेले. अधिकाऱ्याने तेरावी खूण स्वतःच्या हाताने यादीत लिहिली. जाताना त्याने अळूची जुडी नेली, पण धुऊन मागितली.

सगळे पांगल्यावर मी काकांना विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच अर्जाला."

"कसं?"

"लाइनवर फॉल्ट शोधताना जिथे खरखर येते तिथे नाय बघायचं, एकतीस. जिथे आवाजच येत नाय तिथे बघायचं. बारा दरवाजे लिहिलेस आणि स्वतःचा सोडलास. लिहिला असतास तर मी चेअरमनवर संशय घेतला असता."

"मग उत्तरं माझ्याकडून का लिहून घेतलीत?"

"मग कोणाकडून घेऊ? त्या अर्जात खोटं कुठे आहे ते तुझ्याशिवाय कोणाला माहीत होतं?" त्यांनी पोचा पडलेली झारी माझ्या हातात दिली. "चल, पाणी घाल. तेराही वाफ्यांना. पावसाळा लागेपर्यंत रोज."

तेव्हा मार्चचा पहिला आठवडा होता.

गाडी मी घेतली. ती चिंचपोकळीला त्याच वर्कशॉपच्या मागे उभी असते, दरवाजे टेकून ठेवायचे त्या भिंतीला. घरी चालत यायला वीस मिनिटं लागतात. जागा काकांनीच मिळवून दिली. गाडी पहिल्यांदा बघायला आले तेव्हा त्यांनी चारही टायर दाबून बघितले आणि म्हणाले, "बदलशील तेव्हा सांग. दुधीला चांगले."

आता ते वरळीला मुलीकडे राहतात. गुडघ्यांनी दगा दिला. मुलीची इमारतही चाळीच्या जागी उभी राहिलेली, तिथेही मागे एक पट्टी आहे असं ऐकतो, आणि बाबागाडी ते सोबत घेऊन गेले आहेत. सकाळी सातच्या सुमाराला माझा मोबाइल वाजतो. नमस्कार नाही, कसा आहेस नाही.

"एकतीस! फोन!"

मी तेव्हा खालीच असतो. मिरचीच्या बुंध्याला नख लावतो, हिरवं दिसतं.

"आलो," मी म्हणतो. "टोन आहे, काका."